झोनमधली शाळा: पनामा कालव्याकाठच्या बाल्बोआ हायस्कूलच्या आठवणी

कण्हेर

शेजारच्या आजींच्या कपाटात चोवीस तास दिवा जळतो. कपड्यांचं साधं लाकडी कपाट, आणि तळाशी कोपऱ्यात जाळीच्या टोपीखाली एक छोटा बल्ब. आम्ही फ्लोरिडात गेन्सविलला राहायला आलो त्या पहिल्या पावसात त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. ओला रेनकोट अडकवायला मी ते कपाट उघडलं. वाटलं, दिवा चुकून राहिलाय. बटण शोधायला लागले तर आतून आवाज आला, "असू दे तो. नाहीतर बुटांवर बुरशी चढते."

मी राजापूरची. श्रावणात चपलांवर, पट्ट्यांवर, ट्रंकेतल्या शालूच्या घडीवर चढणारी ती पांढरी बुरशी मला चांगली ठाऊक. पण एसी लावलेल्या बंद घरात बुरशी कुठून येणार? विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या झोनमध्ये प्रत्येक घरात असं एक कपाट असायचं. दिवा नसेल तर मला आत बूट ठेवायला हात धजत नाही."

त्या दिव्यावरून आमची गट्टी जमली. गेली सहा वर्षं मी त्यांच्याकडून झोन ऐकते आहे. आता इतकं साठलंय की कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

झोन म्हणजे पनामा कॅनॉल झोन. १९०३च्या तहाने अमेरिकेला मिळालेला, कालव्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मैल असा दहा मैल रुंदीचा पट्टा. कालवा १५ ऑगस्ट १९१४ला सुरू झाला आणि त्यानंतरही पासष्ट वर्षं हा पट्टा पनामा देशाच्या मधोमध तसाच राहिला. गव्हर्नर अमेरिकेचा, पोलीस आणि कोर्टही अमेरिकेचं, पोस्टाची तिकिटं मात्र झोनची स्वतःची. आजींचे आजोबा कालवा खणायला आले, वडील मिराफ्लोरेसच्या लॉकवर (लॉक म्हणजे पाणी चढवून-उतरवून जहाज वर-खाली नेणारी दारांची पायरी) मशिनिस्ट होते, आणि आजी १९४७ साली तिथेच जन्मल्या. तिथे कुणाचंच घर स्वतःचं नसायचं. घर, दुकान, दवाखाना, थिएटर, सगळं सरकारी. नोकरी आहे तोवर घर. निवृत्त झालं की घर खाली करायचं आणि झोनही सोडायचा. "आमच्या गावात म्हातारी माणसं नसायची," आजी म्हणतात. हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या, पण मला कितीतरी दिवस ते सुटलं नाही.

आणि शाळा! बाल्बोआ हायस्कूल हा शब्द उच्चारला की या बाईंचं वय उतरतं. त्यांची टीम बुलडॉग. कट्टर वैरी म्हणजे पलीकडच्या टोकाचं क्रिस्तोबाल हायस्कूल, त्यांचे टायगर. बाल्बोआ पॅसिफिकच्या बाजूला, क्रिस्तोबाल अटलांटिकच्या. मॅच असली की बँड, झेंडे, डबे घेऊन सगळी शाळा आगगाडीत बसायची. एका महासागराकाठी निघायचं आणि दीड तासात दुसऱ्या महासागराकाठी उतरायचं. हरल्यावर परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोलायचं नाही, फक्त खिडकीच्या जाळीवर पावसाचा आवाज.

नाताळ झाला की खरी धमाल. उत्तरेकडून बोटीने आलेली ख्रिसमसची झाडं लोक अंगणात टाकून द्यायचे. गल्लीगल्लीतली पोरं ती गोळा करून लपवून ठेवायची, दुसऱ्या टोळीची रात्रीतून पळवायची, त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या, आणि मग एके रात्री सगळ्यांचा एकत्र प्रचंड जाळ. मी म्हटलं, अहो, ही आमची होळी! आमच्या आळीत लाकडं पळवण्यावरून अशीच डोकी फुटायची. त्यांना होळी सगळी समजावून सांगितली, बोंबा मारण्यासकट. त्यांनी मारून बघितली. छान जमली.

त्यांचा भाऊ कायूकोच्या शर्यतीत होता. कायूको म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी. १९५४ साली स्काउटच्या मुलांसाठी ही शर्यत सुरू झाली. होडीत चार वल्हेकरी, तीन दिवस, अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत, कालव्यातून. हाताचे फोड फुटून त्यावर पुन्हा फोड यायचे. शाळा सुटल्यावर फाटकाशी रास्पाडोवाला यायचा: हातगाडी, किसलेला बर्फ, त्यावर लाल सरबत आणि वरून घट्ट गोड दूध. आपला गोळाच, दुधाची साय चढवलेला. आणि पार्टी कुणाचीही असो, पदार्थ ठरलेला, जॉनी मॅझेटी. नूडल्स, खिमा, टोमॅटो, चीज, हिरवी ऑलिव्ह, सगळं थाळ्यात घालून भट्टीत भाजायचं. माझ्यासाठी त्या खिम्याऐवजी राजमा घालतात.

१ ऑक्टोबर १९७९ला झोन संपला. शाळा त्यानंतर वीस वर्षं अमेरिकेच्या संरक्षण खात्याने चालवली, आणि १९९९मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली. झोनमधून आलेल्या मंडळींचं संग्रहालय फ्लोरिडातच सेमिनोल गावात होतं. ते बंद झाल्यावर २०१२मध्ये सगळा संग्रह आमच्या इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आला. आजींना घेऊन मी तिथे गेले होते. शाळेचं वार्षिक, त्याचं नाव 'झोनियन'. आजींनी आपल्या वर्षाचा अंक उघडला, स्वतःचा फोटो एका नजरेत मागे टाकला आणि एकेका मैत्रिणीच्या चेहऱ्यावर बोट ठेवत ती आज कुठे आहे ते सांगत गेल्या. टेक्सास. गेली. ओरेगन. गेली. गेली. ही तर इथेच, ओकालाला.

दरवर्षी जुलैत या लोकांचा मेळावा भरतो, फ्लोरिडातच. नातवंडांसकट येतात. आपल्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंय का? कालव्यातून? किंवा तुमची शाळा, तुमचं गाव असं नकाशावरून गेलंय का? लिहा ना.

---

टेकडीवरचा

वाचतोय. "आमच्या गावात म्हातारी माणसं नसायची" इथे थांबलो थोडा वेळ. अजून लिहा.

---

दर्यावर्दी

कण्हेरताई, कालव्यातून अकरा वेळा गेलो. पण पहिल्या सात वेळा कालवा डोळ्यांनी बघितलाच नाही. मी इंजिनरूमचा माणूस. कालव्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आम्ही खाली स्टँडबाय. वरून इंजिनला हुकूम देणारा टेलिग्राफ वाजतो, डेड स्लो अहेड, स्टॉप, डेड स्लो अस्टर्न, पुन्हा स्टॉप. त्यावरून ओळखायचं की आता गाटूनच्या पायऱ्या चढतोय, आता तळ्यात आलो, आता पेद्रो मिगेल, आता मिराफ्लोरेस. गाटूनला तीन पायऱ्यांत जहाज समुद्रापासून सव्वीस मीटर उचललं जातं. खाली आम्हाला एवढंच कळायचं की समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी झालं, कारण कूलिंगच्या पाण्याचं तापमान बदलायचं.

आठव्या खेपेला, १९९८ साली, चीफने मला दोन तास वर पाठवलं. "जा, बघून घे एकदा." ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कालव्याचा पायलट होता, जहाजाला वाट दाखवणारा. इतर बंदरांत पायलट सल्ला देतो आणि जहाज कॅप्टनच्याच ताब्यात राहतं. पनामात मात्र पायलट चढला की जहाजाचा ताबा त्याच्याकडे जातो. हा अमेरिकन, पन्नाशीचा, जन्म झोनमधला. मी नवखा दिसलो म्हणून आपणहून दाखवत होता. दोन्ही बाजूंना लोखंडी रुळांवर इंजिनं जहाजाला दोरखंडांनी धरून चालतात. त्यांना तिथे खेचर म्हणतात. त्याने सांगितलं, लहानपणी आम्ही त्या खेचरांच्या ड्रायव्हरांना हात करायचो, ते घंटी वाजवायचे.

तो तुमच्या आजींच्या वैऱ्यांपैकी. क्रिस्तोबालचा टायगर. त्याची शाळा कोको सोलोला होती. तो आधी अमेरिकी नौदलाचा तळ, सिनेटर जॉन मॅकेनचा जन्म १९३६ साली तिथलाच. पुढे मी कंटेनर जहाजावर असताना कोलोनजवळ कोको सोलोच्याच धक्क्याला लागलो. रात्री क्रेनच्या दिव्यांत कंटेनरच्या भिंतीच भिंती. पायलटचे शब्द आठवले. धक्क्यावरच्या एका पनामी फोरमनला विचारलं, इथे शाळा कुठे होती? त्याने हेल्मेट मागे सारलं, हाताने नुसताच अर्धा आकाशाचा गोल दाखवला आणि कामाला लागला.

---

टिपकागद

लेख मनापासून आवडला. पण एक बाजू राहून जाते आहे आणि ती शाळेचीच आहे, म्हणून इथेच लिहितो.

झोनमध्ये शाळा दोन प्रकारच्या होत्या. कालवा खणताना पगाराच्या दोन याद्या होत्या, गोल्ड रोल आणि सिल्व्हर रोल. अमेरिकन गोऱ्यांना सोन्याच्या नाण्यांत पगार, बार्बाडोस-जमैकाहून आणलेल्या काळ्या मजुरांना पनामाच्या चांदीच्या नाण्यांत. एकट्या बार्बाडोसमधून वीसेक हजार माणसं आली. अमेरिकेच्या काळात खणताना अधिकृत आकड्याप्रमाणे ५,६०९ मेले, आणि त्यात बहुतेक हेच. नाण्यांतला भेद पुढे मिटला, याद्या राहिल्या. गोल्डची दुकानं, सिल्व्हरची दुकानं, पाण्याचे नळ वेगळे, वस्त्या वेगळ्या. ला बोका, पाराइसो, रेड टँक, सिल्व्हर सिटी या सिल्व्हरच्या वस्त्या. आणि शाळाही वेगळ्या.

यातली माझ्या मनात रुतून बसलेली गोष्ट अशी. केनेथ क्लार्क हा मानसशास्त्रज्ञ १९१४ साली, कालवा सुरू झाला त्याच वर्षी, कॅनॉल झोनमध्ये जन्मला. आईवडील वेस्ट इंडीजकडचे. लहानपणीच आई त्याला घेऊन न्यूयॉर्कला गेली. पुढे त्याने आणि त्याची पत्नी मेमी क्लार्क यांनी काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवून प्रयोग केले, "यातली चांगली कुठली?" असं विचारून. बरीच मुलं गोरीकडे बोट दाखवत. शाळांमधली वेगळी पंगत मुलांच्या मनाचं काय करते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात मान्य केलं, त्यात क्लार्कच्या कामाचा आधार होता.

आणि त्याच्याच जन्मभूमीत काय झालं? निकालानंतर झोनने काळ्या मुलांच्या शाळांचं नाव बदललं, 'लॅटिन अमेरिकन शाळा' केलं, आणि माध्यम इंग्रजीचं स्पॅनिश केलं. पनामाचा अभ्यासक्रम आणला. म्हणजे भेद रंगाचा नाही, भाषेचा, असं दाखवता आलं. ही मुलं घरी इंग्रजी बोलणारी, त्यांचे मास्तर आयुष्यभर इंग्रजीत शिकवलेले. माध्यम बदलणं म्हणजे काय असतं, ते मराठी माणसाला सांगायला नको. बेसबॉलचा मोठा खेळाडू रॉड कॅर्यू १९४५ साली गाटूनला आगगाडीच्या डब्यात जन्मला. आजींची शाळा मॅचला ज्या गाडीने जायची, तीच लाइन.

हे मी आजींना दोष द्यायला लिहीत नाही. पण आठवणी लिहायच्या तर फाटकाबाहेरची मुलंही त्यात हवीत. आणि एक विचारू? आजी १९४७च्या म्हणजे जानेवारी १९६४मध्ये त्या बाल्बोआ हायस्कूलमध्येच असणार. त्याबद्दल त्या काही बोलल्या आहेत का?

---

कण्हेर

नाही बोलल्या. खरं म्हणजे मी विचारलंच नाही. सहा वर्षांत १९६३च्या गोष्टी ऐकल्या, १९६५च्या ऐकल्या, मधली जागा रिकामी आहे हे तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

त्यांच्याकडे इस्त्रीला एक बाई येत, बार्बाडोसच्या घरातल्या. त्यांचा उल्लेख आजी नेहमी मायेने करतात, दिव्याच्या कपाटात कपडे कसे ठेवायचे ते त्यांनीच शिकवलं म्हणतात. त्या बाईंची मुलं कुठल्या शाळेत होती, हे मला माहीत नाही. विचारते.

---

सध्या_पनामात

नमस्कार. तीन वर्षं पनामा सिटीत आहे. धागा बघून राहवलं नाही.

ज्या शाळेबद्दल बोलताय ती इमारत उभी आहे. तिथे आता कालवा प्राधिकरणाचं प्रशिक्षण केंद्र आहे, नाव आस्कानियो आरोसेमेना केंद्र. माझ्या घरापासून तिथे जायला जो मोठा रस्ता आहे त्याचं नाव आवेनिदा दे लोस मार्तिरेस, हुतात्म्यांचा रस्ता. पूर्वी त्याचं नाव फोर्थ ऑफ जुलै होतं. रस्त्याच्या एका बाजूला पनामा सिटी, दुसऱ्या बाजूला झोन. इथली म्हातारी माणसं अजून सांगतात, रस्ता ओलांडला की पोलिसांची भाषा बदलायची.

जानेवारी १९६४मध्ये काय झालं ते थोडक्यात. केनेडी असताना ठरलं होतं की झोनमधल्या नागरी ठिकाणी अमेरिकेच्या शेजारी पनामाचाही झेंडा लागेल. गव्हर्नरने त्यातून मार्ग काढला की शाळांबाहेर कुठलाच झेंडा नको. ७ तारखेला बाल्बोआ हायस्कूलच्या मुलांनी हट्टाने अमेरिकेचा झेंडा चढवला आणि रात्रभर पहारा दिला. ९ तारखेला पनामा सिटीतल्या इन्स्तितुतो नासिओनाल या शाळेची दोनेकशे मुलं आपला झेंडा घेऊन चालत झोनमध्ये शिरली. त्यातल्या पाच-सहा जणांना खांबापर्यंत येऊ दिलं. तिथे शाळेची मुलं आणि मोठी माणसं जमली होती, झटापट झाली, पनामाचा झेंडा फाटला. रात्रीपर्यंत शहर पेटलं. तीन दिवसांत वीसहून जास्त पनामी आणि चार अमेरिकी सैनिक मेले. पनामाने अमेरिकेशी संबंध तोडले. पहिला मेला तो आस्कानियो आरोसेमेना, विशीतला विद्यार्थी. जखमींना उचलून नेताना गोळी लागली. ९ जानेवारी आजही इथे सुट्टी असते, त्या दिवशी वाजंत्री नसते.

तेरा वर्षांनी, ७ सप्टेंबर १९७७ला, अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर आणि पनामाचे नेते तोरिहोस यांनी करार केला आणि ३१ डिसेंबर १९९९च्या दुपारी कालवा पनामाचा झाला. इथे कुणालाही विचारा, कालवा परत मिळण्याची वाट त्या झेंड्यापासून सुरू होते असंच सांगतील.

मी केंद्रात गेलो आहे. झेंड्याच्या खांबाच्या जागी आता ज्योत आहे, भोवती खांब आहेत आणि प्रत्येक खांबावर एकेक नाव. दुपारची वेळ होती. तिथे प्रशिक्षणाला आलेली टगबोटीवरची दोन पोरं खांबाला टेकून डबा खात बसली होती. नावाला पाठ लागू नये म्हणून जरा कलून बसली होती.

---

चाफेकळी

मी धरणाच्या वसाहतीत वाढले. वडील पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर. आमचंही तसंच: क्वार्टर नंबर हाच पत्ता, वसाहतीची शाळा, वसाहतीचा दवाखाना, शनिवारी मैदानात पडद्यावर सिनेमा. धरण झालं, माणसं बदलून गेली, शाळेचे वर्ग कमी होत होत बंद पडली. मागच्या वर्षी गेले होते. आमच्या क्वार्टरचं जोतं आहे, घाणेरीत बुडालेलं. तुळशीचा कट्टा मात्र शाबूत. मी तिथे बसून रडले.

म्हणून टिपकागद, तुमचं सगळं पटूनही सांगते, त्या आजी तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. मुलीला आपली शाळा शाळाच वाटते. ती कुठल्या तहावर उभी आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तिचं हसणं-रडणं त्यामुळे खोटं ठरत नाही.

---

टिपकागद

चाफेकळी, खोटं आहे असं मी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. तुम्हाला एकच विचारतो. तुमच्या धरणात ज्यांची गावं गेली, त्यांची मुलं तुमच्या वर्गात होती का?

---

चाफेकळी

दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

होती. वर्गात दोन मुलं होती, कुंपणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमधली. त्यांच्या गावाची शाळा पाण्याखाली गेली होती. मधल्या सुट्टीत आम्ही डबे खायला घरी पळायचो आणि ती दोघं वर्गातच असायची. ती काय खायची, मला माहीत नाही. त्यातल्या एकाची पट्टी माझ्याकडे राहिली होती, लाकडी, त्यावर त्याने ब्लेडने आपल्या गावाचं नाव कोरलं होतं. आम्ही चिडवायचो, असं गावच नाही म्हणून. खरंच नव्हतं तेव्हा.

बाकी माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण हे लिहायला हवं होतं.

---

दर्यावर्दी

चाफेकळीताई, नमस्कार करतो.

---

कण्हेर

विचारलं. काल संध्याकाळी, त्यांच्या मागच्या पडवीत. मी फार सावरून सुरुवात केली होती. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, "तू शाळेच्या पायऱ्यांबद्दल विचारते आहेस ना?" जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

७ तारखेच्या रात्री पहाऱ्यावरच्या मुलांसाठी त्यांच्या आईने सँडविच करून दिली, ती घेऊन आजी गेल्या होत्या. थर्मासमध्ये कोको. रात्री शाळेच्या अंगणात बसायला मिळतंय याचीच मजा वाटत होती. "केनेडी जाऊन दीड महिना झाला होता, झेंडा म्हणजे आम्हाला केनेडीच वाटत होता. त्यानेच दुसरा झेंडा कबूल केला होता, हे मला कितीतरी वर्षांनी वाचून कळलं."

९ तारखेला संध्याकाळी त्या पायऱ्यांवर होत्या, वरून तिसऱ्या. ती पाच-सहा मुलं पोलिसांच्या मधून चालत येताना दिसली. गणवेशात, त्यांच्याच वयाची. झेंडा दोघांनी दोन्ही बाजूंनी धरला होता, जमिनीला लागू नये म्हणून उंच. कुणीतरी अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळे गायला लागले. "मीही गायले. जोरात. माझा आवाज चांगला होता, मी कॉयरमध्ये होते." खाली ढकलाढकली सुरू झाली. त्यांना फक्त डोकी दिसत होती. "कापड फाटल्याचा आवाज मी ऐकला नाही. आम्ही गात होतो."

रात्री वडिलांनी खिडकीला गाद्या लावल्या. गोळ्यांचे आवाज फटाक्यांसारखे, पण लयीत नसलेले. शाळा बरेच दिवस बंद. उघडल्यावर मास्तरांनी त्या दिवसाबद्दल काही म्हटलं नाही, मुलांनीही नाही.

इस्त्रीच्या बाई बरेच दिवस आल्या नाहीत. आल्या त्या दिवशी नेहमीसारखं पाणी शिंपडून कपड्यांच्या गुंडाळ्या केल्या, इस्त्री तापत ठेवली. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बाईंनी वर न बघता विचारलं, "तू होतीस तिथे?" आजी म्हणाल्या, हो. बाई म्हणाल्या, "माझी मुलगीही होती. रस्त्याच्या त्या बाजूला." एवढंच. मग दिवसभर इस्त्री.

ती मुलगी पाराइसोच्या शाळेत होती, आजींच्याच वर्षाची. लहानपणी आईबरोबर यायची, मागच्या पायरीवर बसून दोघी आंबे खायच्या, मीठ लावून. साताठ वर्षांच्या झाल्यावर ती यायची बंद झाली. का, ते कुणी विचारलं नाही. "शाळा सुरू झाली ना," असं आजींना वाटलं होतं.

२०१५मध्ये, शाळा सोडून पन्नास वर्षं झाली म्हणून, आजी मैत्रिणींबरोबर पनामाला गेल्या. सध्या_पनामात यांनी लिहिलेले ते खांब त्यांनी पाहिले आहेत. सगळी नावं वाचली, एकेक. मैत्रिणी बसमध्ये थांबल्या होत्या. "मी ती मुलगी शोधत होते," आजी म्हणाल्या. "तिचं नाव तिथे नव्हतं. मला किती हायसं वाटलं, आणि मग लाज वाटली, कारण तिथे ज्यांची नावं होती तीही कुणाकुणाबरोबर आंबे खाल्लेलीच असणार."

हे सगळं झाल्यावर त्या उठल्या आणि आतून एक पाकीट घेऊन आल्या. पनामाहून आल्यापासून त्यांनी पत्र लिहून ठेवलं आहे, दहा वर्षं झाली. पत्ता नाही म्हणून पाठवलेलं नाही. मुलीचं लाडाचं नाव ठाऊक आहे, आईचं पूर्ण नाव ठाऊक आहे, पाराइसोतल्या घराचा रंग ठाऊक आहे, एवढंच.

टिपकागद, तुम्ही विचारलं म्हणून मी विचारू शकले. चाफेकळी, तुझा प्रतिसाद मी त्यांना इंग्रजीत करून वाचून दाखवला. पट्टीचं ऐकून त्या मला म्हणाल्या, त्या मुलाचं गाव तिला आठवतं का विचार.

सध्या_पनामात, एक विनंती आहे. पाराइसो तुमच्यापासून किती लांब? त्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचं काही मंडळ, चर्च, कुणी म्हातारं माणूस, जिथे नाव सांगून विचारता येईल असं काही आहे का?

---

चाफेकळी

आठवतं. पट्टी अजून आहे माझ्याकडे.

---

सध्या_पनामात

फार लांब नाही, पेद्रो मिगेलच्या लॉकजवळच. वस्ती आहे अजून, आणि बार्बाडोसकडून आलेल्यांची नातवंडं-पतवंडंही आहेत. इथे त्यांची चर्च आहेत, रविवारी प्रार्थनेनंतर माणसं अंगणात थांबून बोलतात. माझी स्पॅनिश कामापुरती आहे, पण जुनी माणसं अजून इंग्रजी बोलतात.

ताई, नाव आणि घराचा रंग व्यक्तिगत निरोपाने कळवा, इथे उघड लिहू नका. येत्या रविवारी सकाळी जाऊन येतो.